कानोसा, काठी आणि तळपाय : नजर गेल्यावर चालायला शिकताना

नजर गेली की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी भेटायला येतं आणि सांगतं, "काळजी करू नका, एक इंद्रिय गेलं की बाकीची आपोआप तल्लख होतात." मलाही सांगितलं होतं. मी वाट पाहिली. महिना गेला, दोन गेले; कान होते तसेच राहिले, नडगीवरचे काळेनिळे डाग तेवढे वाढले.

आपोआप काही होत नाही. कानांना, तळपायांना, गालांना आधीही बरंच कळत होतं. पण डोळे इतक्या घाईने आणि इतकं सविस्तर सांगत, की बाकीच्यांना विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. आता त्यांना विचारायचं, आणि काय विचारायचं ते शिकायचं. नजर नुकतीच गेलेल्यांसाठी, हळूहळू जाते आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. अंध म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेकांना पूर्ण काळोख नसतो. कुणाला उजेड-अंधार कळतो, कुणाला हालचाल, कुणाला नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. असं काही उरलं असेल तर ते बिनधास्त वापरा. खिडकीचा उजेड डावीकडून येतोय एवढं कळलं तरी खोलीची दिशा लागते. दुसरी गोष्ट, घरातलं आणि आवारातलं स्वतःचं स्वतः शिकता येतं. रहदारीचा रस्ता मात्र चलनवलन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाबरोबरच शिका. तिथे चुकून शिकायची सोय नाही.

घरच्यांना एक विनंती. "तुला काय वाटत असेल ते बघू" म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून दहा मिनिटं घरात फिरू नका. त्यातून अंधत्व कळत नाही, पहिल्या दहा मिनिटांची भीती कळते. मग पट्टी काढल्यावर तुम्ही आणखी धास्तावता आणि समोरच्याला खुर्चीवरून उठू देत नाही.

आधी एकच खोली

अख्खं घर एकदम पाठ करायला जाऊ नका. रोज वावर असलेली एक खोली निवडा. दाराला पाठ लावून उभे राहा. हे तुमचं मूळ ठिकाण; गोंधळ उडाला की इथे परत यायचं.

आता एका बाजूच्या भिंतीच्या कडेने चालायला लागा. भिंतीकडचा हात कमरेच्या उंचीवर, शरीराच्या थोडा पुढे ठेवा. बोटं किंचित दुमडलेली, आणि भिंतीला लागते ती बोटांची मागची बाजू. बोटांची टोकं पुढे करून चाललात तर पहिल्याच फटीत किंवा खिळ्यात बोट अडकेल. मागच्या बाजूने चाललं की हात नुसता घसरत जातो. पावलं मोजत बसू नका. थकव्याने, घाईने पाऊल लहानमोठं होतं आणि मोजणी फसते. वस्तूंची रांग लक्षात ठेवा: दार, बटणं, कपाटाची गार कड, मग मोकळी भिंत, मग पडदा. एक फेरी उजवीकडून झाली की दुसरी डावीकडून. उलट फिरताना तीच खोली परकी वाटते, आणि ते स्वाभाविक आहे.

भिंतींची ओळख झाली की खोली ओलांडायला लागा. पाठ आणि टाचा भिंतीला नीट टेकवा, मग सरळ निघा. ही टेकण्याची सवय लावून घ्या. तिरकं उभं राहून निघालेला माणूस तिरकाच पोचतो, आणि खापर फोडतो आपल्या दिशाज्ञानावर.

मोकळ्या जागेत एक हात चेहऱ्यासमोर आडवा, तळवा बाहेरच्या बाजूला; दुसरा पोटाखाली तिरका, शरीरापासून थोडा दूर. वाकायचं असेल तेव्हा कपाळासमोर हात आधी जायला हवा, कारण टेबलाची कड नेहमी तिथेच वाट पाहत असते. अर्धवट उघडं दार मात्र दोन्ही हातांच्या मधून बरोबर निसटतं आणि नाकावर येतं. म्हणून घरात एक कायदा करून टाका: दार पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद. खुर्ची उठल्यावर आत सरकवायची. आणि वस्तूची जागा बदलली तर बोलून सांगायचं. एवढं घरच्यांनी पाळलं तरी निम्मं काम झालं.

हातातून काही पडलं तर लगेच खाली झेपावू नका. थांबा. ऐका. वस्तू पडली, घरंगळली, कुठेतरी थबकली. तो शेवटचा आवाज आला तिकडे तोंड करा, जवळ जा, गुडघ्यावर बसा आणि जमिनीवर हाताने आधी लहान वर्तुळ, मग मोठं, मग आणखी मोठं असं चाचपत जा. सैरभैर हात फिरवला की सापडणारी वस्तूही लांब ढकलली जाते.

पेल्यात पाणी ओतणं हा कानाचा पहिला धडा म्हणून मला फार आवडतो. ओतायला लागलं की आवाज आधी जाड, पोकळ येतो. पेला भरत जातो तशी वरची हवेची जागा कमी होते आणि आवाज चढत जातो, बारीक होतो. दोन-चार दिवसांत कान सांगायला लागतो, आता थांबा. पेला हातात धरला असेल तर वजनही सांगतं, आणि पाणी गार किंवा कोमट असेल तर पेल्याच्या बाहेरून त्याची पातळी बोटांनाही कळते. तिघांची साक्ष जुळली की सांडत नाही. गरम पाणी मात्र पहिल्या महिन्यात असं ओतू नका.

कानाला कामाला लावा

दोन कान असण्याचा मुख्य फायदा म्हणजे दिशा. अगदी उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला डाव्याच्या आधी पोचतो. अंतर किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तेवढ्यावरून मेंदू बाजू ठरवतो. पण आवाज बरोबर समोरून आला काय आणि बरोबर मागून आला काय, दोन्ही कानांना तो एकदमच मिळतो, आणि गफलत होते. उपाय सोपा आहे: मान थोडी वळवा. वळवल्यावर आवाज कोणत्या कानाकडे सरकला त्यावरून समोरचा की मागचा ते कळतं. कानोसा घेताना माणूस मान तिरकी करतो, त्याचं कारण हेच.

रोज पंधरा मिनिटं खिडकीशी किंवा अंगणात बसा. नुसतं "गाडी गेली, कुत्रा भुंकला" एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक आवाजाला तीन प्रश्न विचारा. कुठून? जवळ येतोय की लांब जातोय? आणि त्याच्या-माझ्यामध्ये काय आहे? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. आवाजालाही सावली पडते. रस्त्याच्या गोंगाटाच्या बाजूने चालताना मध्येच क्षणभर गोंगाट दबला आणि पुन्हा मोकळा झाला, तर तिथे काहीतरी रुंद उभं होतं: उभा ट्रक, टपरी, जाड खांब. त्याला तुम्ही हातही लावला नाहीत, पण ते आहे हे कळलं.

पुढची पायरी पडसादांची. त्यासाठी घरातलाच प्रयोग करा. एक मोठं पुस्तक किंवा ताट चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर धरा आणि "स्स्स्स" असा सलग आवाज काढत ते हळूहळू जवळ आणा, पुन्हा लांब न्या. आवाजाचा रंग बदलतो. जवळ आणल्यावर तो कोंडल्यासारखा होतो. हे जमलं की रिकाम्या भिंतीकडे तोच आवाज काढत सावकाश चाला आणि हात लावायच्या आधी थांबायचा प्रयत्न करा. पहिल्या दिवशी नाक आपटेल, म्हणून हात पुढे असू द्या.

भिंत जवळ आली की गालावर, कपाळावर काहीतरी दाटून आल्यासारखं वाटतं असं अनेक अंध माणसं सांगतात. मलाही तसंच वाटतं. फ्रेंच विचारवंत दनी दिदरो याने 1749 साली अंधांविषयी लिहिताना याचं श्रेय चेहऱ्यावरच्या हवेला दिलं होतं, आणि नंतर कितीतरी काळ याला "चेहऱ्याची नजर" म्हणत. 1944 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात याचा छडा लागला. डोळे बांधलेली डोळस माणसं आणि अंध माणसं भिंतीकडे चालवली. चेहरा जाड कापडाने झाकला तरी त्यांना भिंत कळायची. कान बुजवले, की धडकायची. शेवटी तर त्यांना वेगळ्या खोलीत बसवलं आणि भिंतीकडे चालणाऱ्या दुसऱ्याच माणसाच्या पावलांचा आवाज हेडफोनवरून ऐकवला. तरी भिंत कधी जवळ आली ते त्यांनी ओळखलं. म्हणजे जाणवतं गालावर, पण ऐकतात कान. प्रयोग करणाऱ्यांपैकी एक संशोधक स्वतः अंध होता.

आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. एक मीटरवरच्या भिंतीला लागून परत यायला त्याला साधारण सहा हजारांश सेकंद लागतात. इतक्या लवकर आलेला पडसाद वेगळा ऐकू येत नाही, तो मूळ आवाजातच मिसळतो आणि त्याची चव बदलतो. आरोळी आणि तिचं उत्तर वेगळं ऐकायचं असेल तर समोरचा कडा सतराएक मीटर तरी लांब हवा. त्यामुळे खोलीत "प्रतिध्वनी" शोधत बसू नका, आवाजाचा पोत ऐका. न्हाणीघरात तोच खोकला खणखणीत येतो, गाद्या-पडद्यांच्या खोलीत मऊ पडतो. जिन्याच्या तोंडाशी एका बाजूचा आवाज एकदम पोकळ होतो.

जीभ टाळूला चिकटवून झटक्यात सोडली की "टक्" असा कोरडा आवाज येतो. काही जण याच आवाजाने आसपासचा अंदाज घेतात. अमेरिकेतला डॅनियल किश हे त्यातलं सगळ्यात माहीत असलेलं नाव. डोळ्यांच्या कर्करोगामुळे वयाच्या तेराव्या महिन्यापर्यंत त्याचे दोन्ही डोळे काढावे लागले, आणि तो या टक्टकीवर मोठा झाला. पुढे जगभर इतरांना शिकवत फिरला. असा पडसाद वापरण्यात तरबेज असलेल्या दोन अंध माणसांच्या मेंदूची 2011 साली तपासणी झाली, तेव्हा पडसाद ऐकताना त्यांच्या मेंदूचा एरवी दृष्टीसाठी असलेला भाग जागा झालेला दिसला. आणि आपल्यासारख्या नवख्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 21 ते 79 वर्षांच्या अंध आणि डोळस लोकांना दहा आठवडे शिकवलं, तेव्हा वय झालेल्यांनाही ते जमलं. डोळसांनाही जमलं. कान "तल्लख" व्हायची वाट कुणी पाहिली नाही.

या टक्टकीने भिंत, भिंतीतली मोकळी जागा, उभी गाडी, झाडाचं दाट खोड समजतं. झुडूप मऊ, विस्कटलेलं उत्तर देतं आणि पत्रा करकरीत. खड्डा, उतरती पायरी, गटाराचं उघडं तोंड मात्र ती सांगत नाही, कारण जिथे काही नाहीच तिथून पडसाद कसला येणार? म्हणून तिच्या भरवशावर काठी घरी ठेवायची नाही. चालताना कानात हेडफोन घालू नका, टोपी किंवा मफलर कानावर ओढू नका. सोसाट्याचा वारा आणि मोठा पाऊस आवाज पुसून टाकतात. हलक्या पावसाची गोष्ट वेगळी: पत्र्यावर, पानांवर, मातीवर, उभ्या गाडीच्या टपावर तो वेगवेगळा वाजतो आणि एरवी मुक्या असलेल्या वस्तू बोलायला लागतात. अशा पावसात मी मुद्दाम दारात उभा राहतो.

काठी

काठी हातात घ्यायला मी दीड वर्ष लावलं. उजेडात भागतंय, कशाला गावभर जाहिरात, असं वाटायचं. त्या दीड वर्षात जे आपटलो, त्यातलं बहुतेक काठीने वाचलं असतं.

काठी पांढरी करण्याची कल्पना इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज याची. अपघातात दृष्टी गेल्यावर 1921 साली वाहनांना आपण दिसावं म्हणून त्याने आपली काठी पांढरी रंगवली. 1931 साली पॅरिसमध्ये गिली देर्बेमाँ या बाईंनी पुढाकार घेतला आणि पांढऱ्या काठ्या हजारोंनी वाटल्या गेल्या. पण या काठ्या आखूड होत्या, ओळखीपुरत्या. चाचपायची लांब काठी आणि ती फिरवायची पद्धत दुसऱ्या महायुद्धात आली. अमेरिकेत दृष्टी गमावलेल्या सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूव्हर याने ती बसवली, आणि थोड्याफार फरकाने आपण आजही तीच वापरतो.

लांबी: जमिनीवर उभी धरली की निदान छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. चाल झपाझप असेल तर आणखी लांब. आखूड काठी सामानात सोयीची असते, पण ती पायाला विचार करायला वेळच देत नाही.

धरायची अशी: मूठ नाभीसमोर, शरीरापासून थोडी पुढे. तर्जनी काठीवर सरळ खाली टेकलेली, बाकीची बोटं सैल. काठी मनगटातून फिरते, खांद्यातून नाही. टोक डावीकडून उजवीकडे जातं आणि दोन्ही बाजूंना खांद्याच्या रुंदीपेक्षा जरासंच बाहेर टेकतं. आता पावलांशी ताल: उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक डावीकडे टेकतं, डावं पडतं तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच पाहिलेली असते. नवख्यांचा हा ताल हमखास चुकतो, काठी आणि पाऊल एकाच बाजूला पडायला लागतात. लक्षात आलं की उभे राहा, पहिल्यापासून सुरू करा. चालता चालता दुरुस्त करायला गेलात की जास्तच गुंता होतो. टोक उचलून टेकवत जाता येतं किंवा जमिनीवरून घासतही नेता येतं. घासत नेलं तर बारीक खळगेही कळतात, पण खडबडीत जागी ते अडकतं आणि मूठ पोटात बसते. म्हणून मूठ आवळायची नाही. अडकली काठी तर हातातून सरकू द्या.

लोक काठीला काही लागलं की हळहळतात. खांबाला "टण्" झालं की कुणीतरी धावत येऊन दंडाला धरून बाजूला ओढतं. अहो, तो खांब मला हवा होता! तिथून मी डावीकडे वळतो. काठीचं लागणं म्हणजे चुकणं नव्हे. लागावं म्हणूनच ती पुढे धरली आहे. टण् म्हणजे लोखंड, ठक् म्हणजे लाकूड, भद्द म्हणजे माती. पोकळ आवाज आला तर खाली गटार झाकलेलं आहे. गवतात टोक जड होतं, वाळक्या पानांत कुरकुरतं, गुळगुळीत फरशीवर अचानक हलकं होतं. हे सगळं तळहातात येतं, कानात येण्याच्याही आधी.

जिना चढताना काठी उभी, पेनासारखी हलक्या हाताने धरा. टोक पुढच्या पायरीला लागत राहतं. ज्या वेळी ते कशालाच न लागता पुढे जातं, तेव्हा एक पायरी उरलेली असते. उतरताना आधी काठीने पायरीची कड शोधा, पायाचे चवडे तिच्याशी आणा, मग काठी तिरकी पुढे धरून उतरा. टोक सपाट जमिनीला टेकलं तरी पाय अजून पोचलेला नसतो, हे विसरू नका. शेवटच्या पायरीवर पडणारे जिना संपल्याच्या आनंदातच पडतात.

काठीला कमरेच्या वरचं काही कळत नाही. झाडाची फांदी, भिंतीतून बाहेर आलेली खिडकी, उभ्या ट्रकचं मागचं फळकूट यांच्या खालून ती बिनबोभाट निघून जाते आणि कपाळ मागून पोचतं. पुढे कड असलेली टोपी घाला. आधी टोपीची कड लागते, आणि कपाळाला तेवढी पूर्वसूचना पुरते.

पाय, गाल, नाक

जाड तळव्याचे बूट पायांना बहिरं करतात. पातळ तळव्याच्या पादत्राणांत डांबर, फरशी, माती, सांधे, उतार सगळं वेगवेगळं कळतं. बऱ्याच रस्त्यांना पाणी वाहून जावं म्हणून मध्यभागी थोडा उंचवटा दिलेला असतो. ओलांडताना आधी किंचित चढ लागतो, मग किंचित उतार. चढ संपला की अर्धा रस्ता झाला.

स्थानकांवर आणि पदपथांवर ज्या उठावाच्या, बहुधा पिवळ्या फरश्या असतात, त्या जपानच्या सेइइची मियाके याने 1965 साली तयार केल्या आणि 1967 साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, इथे काहीतरी बदलतंय. त्यांच्यावर गाडी किंवा सामान उभं करणाऱ्यांविषयी मी इथे लिहीत नाही, लेख लांबेल.

ऊन कोणत्या गालावर आहे ते घरातून निघतानाच टिपून ठेवा. वळलात की ते सरकतं. परतायला दुपार झाली असेल तर सूर्यही सरकलेला असतो, तेवढा हिशेब धरा. दोन इमारतींच्या मधल्या बोळातून वाऱ्याची झुळूक येते, झाडाखाली गार वाटतं. वास मात्र वाऱ्याच्या मर्जीवर असतात. औषधांचा, पेट्रोलचा, ओल्या लाकडाचा वास आला तर आनंद आहे, पण त्यावरून वळू नका.

इथे एक फरक सांगतो, तो पुढे सगळीकडे लागेल. खूण वेगळी आणि चाहूल वेगळी. खूण म्हणजे कायम जागेवर असणारी आणि चुकता न येणारी गोष्ट: जिन्याचा कठडा, पदपथाची कड, तो लोखंडी खांब. चाहूल म्हणजे कधी असते, कधी नसते ती: वास, गिरणीचा आवाज, कुणाचा तरी रेडिओ. चाहूल आली की खूण जवळ आहे समजून सावध व्हा. खूण हाताला, काठीला किंवा पायाला लागली की मगच वळा. रविवारी गिरणी बंद असते.

एक वाट पाठ करणं

पहिली वाट लहान घ्या, वळणं दोन-तीन. ती खुणांच्या तुकड्यांत मांडा आणि घरी बसून मोठ्याने म्हणा: फाटकापासून भिंत डाव्या हाताला ठेवून चढ संपेपर्यंत, भिंत संपली की पोकळ वाटेल, थांबा, काठीने खांब शोधा, खांब उजव्या हाताला घेऊन वळा. परतीची वाट वेगळी म्हणा. सगळं डावं उजवं होतं, आणि जाताना उपयोगी पडलेली खूण येताना मागे राहते. चालताना भिंत, कुंपण किंवा गवताची कड अशी एखादी बाजू काठीने मधूनमधून शिवत राहा, कारण मोकळ्यावर डोळ्यांशिवाय कुणीच सरळ चालत नाही. डोळस माणूसही पट्टी बांधून मैदानात सोडला तर वळत जातो.

फोन बोलतो, नकाशा सांगतो, त्याचा उपयोग जरूर करा. पण त्याची चूक काही मीटरची असू शकते, आणि काही मीटरमध्ये दार आणि गटार दोन्ही बसतात. मार्गदर्शक कुत्र्याविषयीही एक गैरसमज आहे. वाट कुत्र्याला माहीत नसते, ती आपल्याला माहीत असावी लागते. तो अडथळे टाळतो, कडेला थांबतो आणि धोका असेल तर "चल" म्हटलं तरी हलत नाही.

रस्ता ओलांडताना

हे प्रशिक्षकाबरोबर शिकायचं, पण तत्त्व आधी माहीत असलेलं बरं. चौकात दोन रहदाऱ्या असतात: एक तुमच्या समोरून आडवी जाणारी, दुसरी तुमच्या बाजूने, तुमच्याच दिशेत समांतर. आडवी थांबली म्हणजे निघायचं असं नाही. समांतर रहदारी नव्याने सुटते, इंजिनांचा एकदम उसासा येतो, तो क्षण ओलांडायचा. आधीच सुरू असलेल्या प्रवाहात मध्येच निघू नका, पुढच्या फेरीला थांबा. त्या समांतर आवाजालाच धरून सरळ राहता येतं: आवाज जवळ यायला लागला तर तुम्ही चौकाच्या मध्याकडे कललात.

विजेच्या गाड्या कमी वेगात जवळजवळ मुक्या असतात. युरोपीय संघात म्हणूनच 2021 पासून सगळ्या नव्या विजेच्या गाड्यांना ताशी 20 किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करणं सक्तीचं आहे; त्यापुढे चाकांचाच आवाज पुरेसा होतो. तरी सायकली आहेतच. आणि कुणी लांबून "या, या, गाडी नाही" म्हणालं तर निघू नका. तो स्वतःच्या चालीने हिशेब करतो, तुमच्या नाही.

डोळस सोबती

सोबत्याने तुम्हाला धरायचं नाही, तुम्ही सोबत्याला धरायचं. त्याच्या कोपराच्या जरा वर हात ठेवा आणि अर्धं पाऊल मागे राहा. त्याचं अंग उतरलं, चढलं, वळलं की हातातून आधीच कळतं. अरुंद जागा आली की त्याने हात पाठीमागे घ्यावा, तुम्ही त्याच्या मागे व्हा. पायऱ्या आल्या तर त्याने क्षणभर थांबून "वर" किंवा "खाली" एवढंच सांगावं. खुर्चीत बसवायचं म्हणजे खांदे दाबून बसवायचं नाही. हात खुर्चीच्या पाठीवर नेऊन ठेवला की पुढचं आपलं आपण.

चुकलात तर

चुकणार आहातच. पहिली गोष्ट, थांबा. घाबरून टाकलेली वीस पावलं परत मोजता येत नाहीत. मग तीन गोष्टी तपासा. पायाखाली काय आहे? रहदारी कोणत्या कानाला? ऊन कोणत्या गालावर? शेवटची पक्की खूण आठवा आणि जमलं तर तिच्याकडे उलटे जा. तिच्यापासून पुन्हा सुरुवात केली की बहुतेक वेळा चूक कुठे झाली ते लगेच सापडतं.

नाही जमलं तर विचारा, पण प्रश्न नेमका विचारा. "मी कुठे आहे?" म्हटलं की लोक गडबडतात, दया दाखवतात, नको तिथे पोचवतात. "मोठा रस्ता माझ्या डाव्या हाताला आहे की उजव्या?" याला उत्तर एका शब्दाचं असतं. तरीही दहातले निदान पाच जण म्हणतात, "हे काय, तिकडे!" आणि बोट दाखवतात. अशा वेळी आपला हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "माझा हात धरा आणि त्या दिशेला रोखा." ते रोखतात. हात जिकडे झाला तिकडे छाती वळवायची, टाचा जुळवायच्या, आभार मानायचे आणि काठीचं टोक डावीकडे टेकवून उजवं पाऊल उचलायचं.